हिटबिटवरचे दुर्लक्षित खेळ : एमएसएक्स२ च्या दुरुस्तीच्या आणि खेळांच्या नोंदी

यंत्र : सोनी हिटबिट एचबी-एफ१एक्सडी. १९८७ साली जपानात ५४,८०० येनला विकायला आलेला, एमएसएक्स२ या अनेक कंपन्यांच्या सामायिक प्रमाणावर बनवलेला घरगुती संगणक. झेड८०ए प्रोसेसर, ६४ केबी मेमरी, चित्रासाठी वेगळी १२८ केबी, ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह, कार्ट्रिज (खेळाची डबी) खोचायचे दोन स्लॉट.

काम : जंकमधून आणलेलं यंत्र चालू करायचं आणि त्यावर फारसे कुणी न खेळलेले खेळ खेळून पाहायचे. एमएसएक्सच्या खेळांची कुठलीही यादी काढा, मेटल गिअर, वँपायर किलर, नेमेसिस हीच नावं पहिल्या पाचात. ते खेळ चांगलेच आहेत, त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. त्यांच्या मागे राहिलेल्या खेळांना आहे. इम्युलेटरवर (नव्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) पाच मिनिटं चालवून 'जुनाट' म्हणून बंद केलेले यातले काही खेळ खऱ्या यंत्रावर, ट्यूबच्या टीव्हीवर फार वेगळे निघतात. ज्यांना हेच काम करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी खर्च, वाया गेलेला वेळ आणि उपाय सगळं लिहून ठेवते आहे.

३१ मे २०२५

यंत्र घरी आलं. तोक्योतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून, १२,००० येन. जंकच्या कप्प्यातला माल तपासलेला नसतो आणि परतही घेतला जात नाही, म्हणून वीज देण्याआधी झाकण उघडून पाहिलं. कपॅसिटर फुगलेले नाहीत, पॉवर सप्लायच्या बोर्डावर गळती नाही. मग लावलं. निळ्या पडद्यावर एमएसएक्सचा लोगो आला, पाठोपाठ बेसिक ही यंत्रातली प्रोग्रामिंगची भाषा. म्हणजे मुख्य बोर्ड शाबूत आहे. ड्राइव्हचा दिवा लागतो, मोटर गुणगुणते, फ्लॉपी मात्र फिरत नाही.

भारतात असं यंत्र नेणाऱ्यांसाठी : हे १०० व्होल्टवर चालतं. २३० वर थेट लावलं तर पॉवर सप्लाय जळणार. अमेरिकी उपकरणांसाठी बाजारात मिळतो तो ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, १०० व्होल्टचाच मागा. धाकट्या भावाने पुण्याहून पहिला प्रश्न हाच विचारला, "ताई, घरातला मिक्सरचा जुना ट्रान्सफॉर्मर चालेल का?" नाही. किती व्होल्ट बाहेर येतात ते मल्टिमीटरने मोजल्याशिवाय काहीही लावायचं नाही.

१ जून

ड्राइव्ह सुटा केला. पट्टा विरघळला होता. या ड्राइव्हमध्ये मोटर एका बाजूला, फ्लॉपी फिरवणारं चाक दुसऱ्या बाजूला आणि दोघांना जोडणारा चपटा रबरी पट्टा. पस्तीसहून जास्त वर्षांनी त्या रबराची काकवी झालेली असते. यात कंपनीचा काही दोष नाही, रबराचं आयुष्यच तेवढं. पट्टा असलेला त्या काळातला कुठलाही ड्राइव्ह घेतलात तर हे काम धरूनच चाला.

चिकटा काढण्यातच दिवस गेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड. चाक जागेवर ठेवून पुसू नका. चिकटा अल्कोहोलने पातळ झाला की खाली बेअरिंगमध्ये उतरतो आणि मग चाक जड होतं. चाक काढून बाहेर पुसायचं. हातमोजे घालायचे आणि मळले की बदलायचे, कारण हा काळा थर हेडपर्यंत (फ्लॉपी वाचणाऱ्या भागापर्यंत) पोचला तर तो निघता निघत नाही.

पट्ट्याचं माप जुन्या पट्ट्यावरून घेता येत नाही, तो ताणलेला असतो. शिवणाचा दोरा पुली आणि चाकावरून ताणून फिरवला, खूण केली, लांबी मोजली. नवा पट्टा थोडा ताणून बसावा म्हणून लांबीतून काही टक्के वजा करायचे असतात. मी दहा टक्के वजा करून मागवला.

७ जून

दहा टक्के जास्त होतात. पट्टा बसला, फ्लॉपी फिरली, पण मोटरीला ओढ बसून वेग पडत होता. फ्लॉपीवरचे बाहेरचे ट्रॅक (माहिती लिहिलेली वर्तुळं) वाचले जायचे, आतल्या ट्रॅकवर चुका.

वेग मोजायला महागडं काही लागत नाही. फ्लॉपी मिनिटाला ३०० वेळा फिरली पाहिजे, म्हणजे सेकंदाला ५. आमच्याकडे पूर्व जपानात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, भारतातही तीच. अशा विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. म्हणून कागदाची एक गोल चकती कापून त्यावर समान अंतरावर २० काळ्या रेघा काढल्या आणि ती चाकाच्या पाठीवर चिकटवली. जुन्या ट्यूबलाइटखाली चाक फिरवलं की वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या हळूहळू मागे सरकत होत्या. एलईडीच्या बऱ्याच दिव्यांखाली हे दिसत नाही, ट्यूबलाइट शोधा. ६० हर्ट्झच्या भागात राहणाऱ्यांनी २४ रेघा काढाव्यात.

पाच टक्के वजा करून दुसरा पट्टा मागवला. दोन्ही पट्टे टपालखर्चासह १,६०० येन. आठवडा गेला.

१४ जून

नवा पट्टा बसवला, रेघा उभ्या राहिल्या. हेड साफ केलं. यंत्रावरच फॉरमॅट केलेली कोरी फ्लॉपी लिहिते, वाचते. पण विकत घेतलेल्या जुन्या खेळांच्या फ्लॉप्यांपैकी काही वाचल्या जात नाहीत.

कारण बुरशी. फ्लॉपीचं धातूचं झाकण बाजूला सरकवून, चकती हाताने फिरवत, तिरप्या उजेडात पाहा. धुरकट ठिपके किंवा पांढरी जाळी दिसली की ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात. जून-जुलैत इथे पावसाळी दमट हवा असते, कपाटात ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको.

साफ करताना झाकण उघडं धरून चकतीवर अल्कोहोलने ओला केलेला मऊ कपडा हलकेच फिरवला, केंद्रापासून बाहेर. सुकू दिली, मग ती यंत्राला वाचता आली. हट्टी ठिपके असतील तर प्लास्टिकचं कवच उकलून चकती बाहेर काढावी लागते. एक फ्लॉपी तरीही गेली, चुंबकीय थरच उखडला होता. वाचल्या त्या सगळ्यांची त्याच दिवशी प्रत काढून ठेवली. कोऱ्या फ्लॉप्या ७२० केबीच्याच घ्या. १.४४ एमबीच्या फ्लॉपीचं भोक चिकटपट्टीने झाकूनही काम भागतं, पण ते लिखाण टिकेल याचा भरवसा नाही.

२१ जून

चित्र. पिवळ्या पिनेतून येणारा व्हिडिओ स्वस्त कन्व्हर्टरमधून नव्या टीव्हीवर घेतला होता. दोन त्रास झाले. पहिला म्हणजे उशीर. बटण दाबल्यावर उडी जाणवण्याइतकी उशिरा. दुसरा जास्त वाईट. एमएसएक्स२ ची चित्र-चिप एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) दाखवू शकते. त्याहून जास्त आले की खेळ त्यांना आलटून पालटून दाखवतात, एका फ्रेमला हे, पुढच्या फ्रेमला ते. ट्यूबच्या टीव्हीवर याची नुसती थरथर दिसते, सगळे शत्रू ओळखू येतात. कन्व्हर्टर मात्र या साध्या चित्राला इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचं) समजून दोन फ्रेम एकत्र विणतो, आणि गोळ्या चक्क नाहीशा होतात. न दिसणाऱ्या गोळीने मरणारा माणूस खेळालाच दोष देणार. या यंत्रावरच्या कितीतरी खेळांची बदनामी अशीच झाली असावी असं मला वाटतं.

१४ इंची ट्यूबचा टीव्ही फुकट मिळाला. २००१ पासून लागू असलेल्या घरगुती उपकरण पुनर्चक्रण कायद्याखाली इथे टीव्ही टाकून द्यायलाही पैसे भरावे लागतात, त्यामुळे घेऊन जाणारा कुणी भेटला की लोकांना आनंदच होतो. भारतात शोधताना तो एनटीएससी (जपानी टीव्ही-पद्धतीचं) चित्र रंगीत दाखवतो का, एवढं नक्की विचारा. फक्त पीएएल ('पाल') ही भारतातली पद्धत चालणाऱ्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येईल किंवा धावेल.

आरजीबीची (लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळे नेणारी) केबल घेणाऱ्यांसाठी : जपानी २१-पिनी प्लग आणि युरोपातला स्कार्ट दिसायला एकच, आतल्या जोडण्या वेगळ्या. एकाची केबल दुसऱ्याला लावू नये.

२२ जून

एक जुनं कार्ट्रिज लोगोनंतर अडकत होतं. आधी संपर्क खराब असावेत म्हणून खोडरबर आणि अल्कोहोलने घासले, मग स्लॉट साफ केला, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये लावलं. दुपार गेली. दोष यंत्रात नव्हताच. ड्राइव्ह असलेल्या यंत्रात डिस्कची रॉम (ड्राइव्ह चालवणारा यंत्रातला कायमचा प्रोग्राम) स्वतःसाठी मेमरी राखून ठेवते आणि ड्राइव्ह येण्याआधीच्या काळातल्या काही खेळांना ती जागा हवी असते. सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं की डिस्क रॉम बाजूला राहते. कार्ट्रिज लगेच चाललं.

फ्लॉपीवरच्या खेळांसाठी कंट्रोल दाबून धरायचं. एकच ड्राइव्ह असली तरी यंत्र दुसरी असल्याचं गृहीत धरून जागा अडवतं, कंट्रोलने ती मोकळी होते. काही खेळ एवढ्यावरच चालू होतात. कुठलाही खेळ बिघडला आहे असं ठरवण्याआधी या दोन कळा करून पाहा.

२८ जून

खेळ निवडण्याची कसोटी ठरवली. जपानी वाचता आलं नाही तरी खेळता यावा. जादा मेमरी लागू नये. आणि या चिपला जे जमत नाही त्यावर बनवणाऱ्याने काहीतरी विचार केलेला असावा. या तिसऱ्या अटीमुळे यादी बदलली.

एमएसएक्स२ ची चित्र-चिप, व्ही९९३८, पडदा वर-खाली हवा तितका गुळगुळीत सरकवते, त्यासाठी तिच्यात सोय आहे. डावी-उजवीकडे सरकवण्याची तशी सोय नाही. म्हणून या यंत्रावर उभे सरकणारे खेळ इतके आहेत, आणि आडवे खेळ बहुधा आठ-आठ ठिपक्यांच्या धक्क्यांनी पुढे जातात. ज्यांनी हे ओळखून खेळाचा नकाशाच तसा आखला, ते खेळ मला बघायचे आहेत.

५ जुलै

हेरझोग, टेक्नोसॉफ्ट, १९८८. ही कंपनी नागासाकी प्रांतातल्या सासेबोची. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रावरचा याचा पुढचा भाग, १९८९ चा हेरझोग झ्वाय, जगभर नावाजला गेला. पहिला भाग मात्र त्याच्या सावलीत राहिला, आणि ज्यांनी पाहिला त्यांनी बहुतेक 'दुसऱ्याची कच्ची आवृत्ती' म्हणून पाहिला.

ते मला पटत नाही. उभा, लांब नकाशा. एका टोकाला तुमचा तळ, दुसऱ्या टोकाला शत्रूचा. तुम्ही एक यंत्रमानव, हवं तेव्हा विमान होऊन उडणारा. पैसे साठतात तसे सैनिक, रणगाडे विकत घ्यायचे, उचलून न्यायचे आणि नेमक्या जागी सोडायचे. सोडल्यावर ते पुढेच चालत राहतात. तुमच्या हातात उरतं ते केव्हा आणि कुठे सोडायचं एवढंच. पुढच्या भागात सैन्याला हुकूम देता येतात, म्हणून तो मोठा खेळ झाला. पण इथे हुकूम नाहीत, त्यामुळे प्रत्येक सोडणं अंगावर येतं. पूल जवळ असताना रणगाडा घाईने टाकला की तो गेलाच.

उभा नकाशा हा चिपच्या ताकदीवर बेतलेला आहे, आणि पडदा मधून दुभंगून दोन माणसांना एकाच यंत्रावर खेळता येतं. इमारतीतल्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, शाळेत असताना त्यांच्या घरी एमएसएक्स होता. त्यांना बोलावलं. ते यंत्रमानवाने माझे सैनिक टिपत बसले नाहीत. स्वस्तातले सैनिक सतत सोडत राहिले, माझे पैसे रणगाड्यांत अडकले आणि तळ पडला. संगणकाविरुद्ध खेळून हा डाव मला कळला नसता. दोघं मिळून खेळा. एकट्याने खेळून मत बनवू नका.

फ्लॉपीला ६,५०० येन पडले. बुरशी असलेल्या फ्लॉप्यांतलीच ही एक, साफ केल्यावर वाचली गेली. मेनू समजायला जपानी फारसं लागत नाही.

१२ जुलै

सायको वर्ल्ड, हर्ट्झ नावाची कंपनी, १९८८. लुसिया आपल्या बहिणीला सोडवायला निघते, मनःशक्तीच्या निरनिराळ्या अस्त्रांनी लढते. पुढे हा खेळ सेगाच्या मास्टर सिस्टिम आणि गेम गिअरवर 'सायकिक वर्ल्ड' नावाने गेला, बऱ्याच जणांना तोच माहीत आहे.

एमएसएक्स२ वर हा बघताना मी आधी खेळलेच नाही, लुसियाला नुसती चालवत राहिले. पडदा आडवा सरकतो आणि धक्के जाणवत नाहीत. ज्या चिपमध्ये ही सोय नाही तिच्यावर. अशा कामासाठी या चिपमध्ये एक आडवाट आहे. टीव्हीवर चित्र मध्यभागी आणण्यासाठी तिच्यात एक रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) दिलेलं आहे, ते चित्र काही ठिपके डावी-उजवीकडे हलवतं. कोनामीच्या स्पेस मॅनबोने (१९८९) याचाच वापर करून आठ ठिपक्यांच्या दोन उड्यांमधली जागा भरून काढली. बेसिकमध्ये 'सेट अ‍ॅडजस्ट' ही आज्ञा देऊन हे रजिस्टर स्वतः हलवून पाहता येतं. दहा मिनिटं हा प्रयोग करा आणि मग हे खेळ लावा, प्रोग्रामरांनी किती मेहनत केली असेल ते डोळ्यांना दिसेल.

खेळ म्हणूनही तो ठाम उभा आहे. अस्त्र बदललं की वाट बदलते, बर्फाच्या माऱ्याने अडसरच पायरी होतो. शक्ती वापरल्याने संपते, त्यामुळे प्रत्येक खोलीत काय वाचवायचं हा विचार करावा लागतो. शेवटाकडे नायकिणीच्या हाती इतकं काही येतं की तो भाग सोपा पडतो, एवढी एक उणीव.

एफएम-पॅक (संगीताची जादा चिप असलेलं कार्ट्रिज) असेल तर संगीत कितीतरी भरघोस येतं. ते नंतर.

१९ जुलै

हि नो तोरी, होओ-हेन. कोनामी, १९८७. तेझुका ओसामूंच्या फिनिक्स मालिकेतल्या एका भागावरचा खेळ, नायक शिल्पकार गाओ. चित्रकथेवरचे खेळ घाईत उरकलेले असतात असं समजून लोक याला वगळतात. प्रत्यक्षात हा उभा सरकणारा नेमबाजीचा खेळ आहे, आणि सरळ शेवटापर्यंत जात नाही. टप्पे एकमेकांना जोडलेले आहेत, नेमका दरवाजा सापडेपर्यंत तुम्ही त्याच प्रदेशात परत येता. पहिल्या तासात मला वाटलं खेळ अडकला आहे, कार्ट्रिज काढून पुन्हा साफही केलं. कागद घेऊन नकाशा काढायला लागल्यावर तो उलगडत गेला. नकाशा न काढता खेळू नका.

२० जुलै

उशास. कोनामी, १९८७. कोनामीचाच असूनही याचं नाव क्वचित निघतं. उषा देवीचं रत्न चार तुकड्यांत विखुरलेलं आहे आणि विट आणि क्लेस हे दोघं ते शोधतात. ऋग्वेदातली देवता जपानी कार्ट्रिजवर भेटल्याने मी जास्त प्रेमाने खेळले हे खरं, पण खेळाची खरी करामत वेगळी आहे. वाटेत आनंद, राग, दुःख, सुख यांचे पत्ते मिळतात. जो उचलाल ती मनःस्थिती होते आणि तिच्याबरोबर मारा करण्याची पद्धत बदलते. बंदूकवाल्या विटची उडी तोकडी, हातापायांनी लढणाऱ्या क्लेसची उंच. कुठल्या जागी कोण जाणार आणि कुठल्या मनाने जाणार, हे ठरवण्यात खेळाचा जीव आहे. नाण्यांनी क्षमता वाढवता येते. मी सगळी नाणी उडीवर घातली, ते फायद्याचं ठरलं.

२६ जुलै

अनडेडलाइन, टी अँड ई सॉफ्ट, नागोया, १९८९. विमान नाही, पायी चालणारा योद्धा, जादूगार किंवा निंजा. पडदा उभा सरकत राहतो. कुठला टप्पा आधी घ्यायचा ते आपण ठरवायचं. अतिशय अवघड. इतका की लोक पहिल्या टप्प्यावरच सोडून देतात, आणि म्हणूनच तो दुर्लक्षित राहिला.

इथे या हिटबिटची एक सोय उपयोगी पडली. वेग कमी करण्याची सरकपट्टी आणि आपोआप गोळीबार करणारं टर्बो बटण यंत्रातच आहे. आधी पट्टी थोडी मागे ओढून शत्रूंच्या जागा पाठ केल्या, मग पूर्ण वेगाने खेळले. हळू वेगात संगीतही मंदावतं, ते कानाला खटकतं, पण शिकण्यापुरतं चालतं. हा शॉर्टकट वाटत असेल तर वाटो. त्याशिवाय मी तिसरा टप्पा पाहिला नसता, आणि तिथली दगडी इमारतींची चित्रं पाहण्यासारखी आहेत.

सुरुवातीलाच शक्तीचे गुण वाटून घ्यायचे असतात. मारा वाढवण्याचा मोह टाळा, जीव आणि बचाव वाढवा.

२ ऑगस्ट

एफएम-पॅक आलं, १५,००० येन. या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, यंत्रापेक्षाही मोठा. यात यामाहाची वायएम२४१३ चिप आहे आणि खेळ जतन करायला बॅटरीवर टिकणारी थोडी मेमरी. बॅटरी मेलेली होती, आणि ती बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. जुनी काढून सेलचा होल्डर बसवला, पुढच्या वेळी डाग द्यायला नको. बॅटरी काढली की आतलं जतन केलेलं सगळं जातं, मागच्या मालकाचंही गेलं. ते आधी पाहून घ्यायला हवं होतं.

लगेच फ्रे लावला. मायक्रोकॅबिन, १९९०, मिए प्रांतातल्या योक्काइचीची कंपनी. झॅक नावाची गंभीर भूमिका-खेळमालिका यांचीच, तिच्यातली छोटी जादूगार मुलगी फ्रे इथे नायिका. पडदा वर सरकतो, ती पळते, उड्या मारते, काठीने जादू फेकते, वाटेतल्या दुकानांतून नव्या काठ्या आणि ढाली घेते. जपानी संवाद भरपूर आहेत, पण ते न कळताही खेळ थांबत नाही. रंग आणि हालचाली बघून विश्वास बसत नाही की हे ६४ केबीचं यंत्र आहे. फ्लॉप्या बदलाव्या लागतात, पट्टा नीट बसलेला नसता तर याच खेळाने दमवलं असतं.

एफएम-पॅक लावून सायको वर्ल्ड पुन्हा सुरू केला. पहिल्या टप्प्याचं संगीत ऐकण्यासाठीच तो परत खेळते आहे.

९ ऑगस्ट

झॅनॅक ईएक्स, कंपाइल, हिरोशिमा, १९८६. हा उभा नेमबाजीचा खेळ तुम्ही कसं खेळता ते पाहून स्वतःला अवघड करत जातो. मी नेहमीप्रमाणे टर्बो चालू ठेवला आणि थोड्याच वेळात पडदा शत्रूंनी भरला. टर्बो बंद केला, गरजेपुरत्याच गोळ्या झाडल्या, तर तोच टप्पा शांतपणे पार झाला. सतत गोळीबार हा या खेळाला दिलेला निरोप असतो की समोरचा तयारीचा आहे. या खेळासाठी टर्बो बंद ठेवा. १९८६ साली एवढा विचार करणारा खेळ आज कुणी सुचवत नाही याचं मला वाईट वाटतं.

दोन स्लॉट असलेल्यांसाठी एक गोष्ट. कोनामीच्या सॅलमँडरचा (१९८७) खरा शेवट पाहायचा असेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये नेमेसिस २ चं कार्ट्रिज लागतं. हिटबिटला दोन स्लॉट आहेत, पण एफएम-पॅक लावलेलं असेल तर ते काढावं लागेल.

१६ ऑगस्ट

ड्राइव्हचा पर्याय. पट्टा नीट चालतो आहे, पण जुन्या फ्लॉप्या दर वेळी फिरवायला जीव धजत नाही. पीसीची साधी ड्राइव्ह जोडून चालत नाही. एमएसएक्सला ३४ व्या पिनेवर 'तयार' असा संकेत हवा असतो, नंतरच्या पीसी ड्राइव्ह तिथे फ्लॉपी बदलल्याचा संकेत देतात, आणि ड्राइव्ह निवडण्याची जोडणीही वेगळी.

गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं, यूएसबी पेनड्राइव्हवरच्या फाइली वाचणारं यंत्र) घेतलं, ४,००० येनच्या आसपास. त्यात फ्लॅशफ्लॉपी हा प्रोग्राम घालून इंटरफेस 'शुगार्ट' आणि होस्ट 'एमएसएक्स' ठेवलं, जंपर एस० वर. तरीही संध्याकाळपर्यंत काही वाचलं जात नव्हतं. केबल उलटी बसली होती, मूळ प्लगवर खाच नसल्याने ते कळलं नाही. जोडण्याआधी पहिली पिन भिंगाने पाहून खूण करा. केबलमधून वीजही जाते का हे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावू नका, माझं थोडक्यात निभावलं.

प्रतसंरक्षण असलेल्या फ्लॉप्या साध्या डीएसके (फ्लॉपीची प्रत असलेल्या) फाइलमध्ये बसत नाहीत. त्या मूळ ड्राइव्हवरच चालवायच्या, म्हणून ती काढून टाकलेली नाही. गोटेक सध्या डब्यात, ड्राइव्ह पुन्हा बाहेर काढावी लागेल तेव्हासाठी.

२३ ऑगस्ट

भावाने पुण्यात यंत्र मिळवलं आहे, पट्टा अर्थातच विरघळलेला. त्याला दोऱ्याचं माप आणि पाच टक्के कळवले. फक्त चारच खेळ घ्यायचे असतील तर कुठले, असं विचारतो. घरात दुसरा खेळणारा आहे, म्हणून हेरझोग पहिला. फ्लॉपीच्या भानगडीत न पडता सुरुवात करायची तर उशास आणि झॅनॅक ईएक्स, दोन्ही कार्ट्रिजवर. सायको वर्ल्ड ड्राइव्ह पक्की झाल्यावर. फ्रे एफएम-पॅकशिवाय घेऊ नको असं सांगितलं आहे, आणि एफएम-पॅक घेताना बॅटरी काढण्याआधी आत काय जतन आहे ते बघून घे, असंही.

माझ्याकडे अजून हाल लॅबोरेटरीचे एगरलँडचे दोन भाग राहिले आहेत. पहिला १९८५ चा, दोन्ही एमएसएक्स१ चे, म्हणजे आधीच्या पिढीचे, त्यामुळे शिफ्ट दाबून सुरू करून बघायचे.